टोमॅटोला द्राक्षाची कात्री

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला छाटणीचं महत्त्व कुणी नव्यानं पटवून द्यायला नको. नारायणगावच्या परिसरात द्राक्षबागा उभ्या राहिल्या तेव्हापासून एक हिशेब इथल्या डोक्यांत पक्का बसला आहे: कात्री ज्या दिवशी चालली, त्या दिवसापासून माल मोजायला घ्यायचा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि तिथून साधारण चार महिन्यांनी घड काढणीला. ज्याला बाजार आधी गाठायचा आहे तो परतीच्या पावसाचा धोका पत्करून छाटणी आधी घेतो. हा हिशेब खरा आहे, पण तो वेलीच्या स्वभावावर उभा आहे. थंड मुलखात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं टाकते आणि वसंतात आपणहून फुटते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून वर्षातून दोनदा कात्री लावून, आणि डोळे एकसारखे फुटावेत यासाठी हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करून, तिचं वर्ष आपण ठरवतो. एप्रिलच्या छाटणीनंतर उन्हाच्या जोरावर काडीच्या डोळ्यांत पुढचे घड आकार घेतात, आणि फळछाटणीनंतर जी फूट येते तिला खोड-मुळांत साठवलेल्या अन्नाचा आधार असतो. द्राक्षात कात्री खरोखरच पंचांग आहे.

अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा हेच पंचांग उन्हाळी तरकारीला लावलं जातं. मंचरजवळचं अवसरी बुद्रुक घ्या. डिंभे धरणाचं पाणी या पट्ट्यात कालव्यानं फिरलं, विहिरींना त्याचा पाझर लागला, आणि एकेकाळी पावसावर विसंबणारी जमीन उन्हाळ्यातही हिरवी राहू लागली. जानेवारी-फेब्रुवारीत मल्चिंग पेपरच्या बेडवर टोमॅटोची रोपं लागतात, शेजारी काकडी, दोडका, कारलं, बांधाच्या कडेला घरापुरती भेंडी-गवार. चैत्रात पहिला तोडा निघतो आणि तेव्हाच सल्ल्यांना ऊत येतो: बगलफुटी साफ काढा, खालची पानं उतरवा, फळावर ऊन पडू द्या, माल आठ दिवस आधी लाल होईल. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, मोबाइलवरच्या व्हिडिओत आणि परसबागेची हौस असणाऱ्यांच्या गप्पांतही हेच ऐकू येतं. माझं म्हणणं असं, की हा सल्ला अर्धाच खरा आहे. जेवढा खरा आहे तेवढ्यातून मिळणारा वेळ थोडा, आणि आपल्या वैशाखात त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मोठी. अवसरीच्या उन्हाळी टोमॅटोला कात्री लावायची तर ती झाड टिकवण्यासाठी लावावी. फळ घाईनं पिकवण्याचं काम तिच्याकडून होत नाही.

आधी खरा भाग. पानाचा देठ खोडाला जिथं मिळतो त्या बेचक्यातून नवी फूट निघते, तीच बगलफूट. बोटभर असताना अंगठा आणि तर्जनीत धरून बाजूला वाकवली की कट् करून तुटते, आणि डहाळीवर राहिलेला हिरवा ठिपका दुपारपर्यंत सुकून जातो. तीच वीतभर वाढू दिली तर ब्लेड लागतं, जखम मोठी होते आणि तोवर झाडानं तिच्यावर खर्च केलेलं अन्न उकिरड्यात जातं. पान साखर बनवतं आणि ती साखर जवळच्या वाढत्या भागांत वाटली जाते: शेंड्याला, नव्या फुटीला, मुळाला, फळाला. खाणारी तोंडं कमी केली की उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं. पहिल्या घोसाखालच्या फुटी वेळेवर काढल्या तर तो घोस जरा मोठा होतो आणि काही दिवस आधी तोडायला येतो, यात शंका नाही. पण हा सगळा फायदा फळ वाढत असतानाचा आहे. फळ पूर्ण वाढलं, आतल्या बिया तयार झाल्या, की पुढचं पिकणं ते स्वतःच्या इथिलीन वायूवर करतं. त्याचा पुरावा प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. पुरतं वाढलेलं हिरवट टोमॅटो टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तरी चार-सहा दिवसांत लाल होतं. लांबच्या बाजाराला जाणारा माल तर रंग धरू लागताच तोडतात आणि तो क्रेटमध्ये, ट्रकमध्ये पिकत जातो. ज्या फळाला पिकायला ऊनच लागत नाही, त्याच्यावर ऊन पाडण्यासाठी पानं काढणं म्हणजे झाडाचं अन्न फुकट घालवणं.

फुकट एवढंच असतं तरी चाललं असतं. प्रत्यक्षात त्यानं उलटं होतं. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा, आणि लायकोपीन चांगलं तयार होतं ते वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास. तीस-बत्तीसच्या वर गेलं की त्याचं बनणं मंदावतं, पण पिवळा-नारिंगी कॅरोटीन बनतच राहतो. म्हणून मे महिन्यात पुष्कळदा फळ मऊ होतं, पण लाल होत नाही, देठाकडे पिवळा पट्टा घेऊन बसतं. आता हवेतच पारा अडतीस-चाळीसला टेकलेला असताना थेट उन्हात असलेल्या फळाची साल हवेहून कितीतरी जास्त तापते. सालीवर आधी पांढुरका, मग कागदासारखा सुरकुतलेला चट्टा पडतो आणि त्यातून सड शिरते. लिलावात असा माल बाजूला काढला जातो. म्हणजे लवकर लाल व्हावं म्हणून ज्या पानांना उतरवलं, त्यांचीच सावली फळाला लाल होऊ देत होती. फुलांचंही तसंच. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या पुढं आणि रात्रही उबदार राहिली की परागकण निकामी होतात, फुलं देठापाशी पिवळी पडून गळतात. दाट पाल्याच्या आत हवा थोडी थंड, थोडी दमट राहते, आणि ऐन वैशाखात जी थोडीफार सेटिंग होते ती बहुधा तिथंच.

मग हा पानं काढण्याचा सल्ला आला कुठून? ज्या देशांत उन्हाळा तीन महिन्यांचा, सूर्य तिरपा आणि हंगामाच्या शेवटी दहिवर पडून झाडं एका रात्रीत काळी पडणार, तिथं तो शहाणपणाचा आहे. इंग्लंडमधल्या परसबागेत ऑगस्टमध्ये शेंडा खुडतात, कारण त्यानंतर लागलेलं फळ पिकायला ऊबच उरत नाही. तिथं ऊन दुर्मीळ, म्हणून ते फळापर्यंत पोचवायचं. हॉलंडच्या काचघरांत एका खोडावर वेल चढवतात, दर आठवड्याला बगलफुटी काढतात, तोडून झालेल्या घोसाखालची पानं उतरवतात. आपल्याकडचे पॉलिहाउसवाले हेच दाखवून विचारतात, की त्यांना जमतं ते आम्हाला का नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तर वाणात आणि छपरात आहे. काचघरातली जात शेंडा वाढवतच जाणारी, वर्षातले आठ-दहा महिने उत्पादन देणारी असते. तिथं तापमान आणि प्रकाश हातात असतो, आणि एकेक खोड ठेवून एकरी झाडांची संख्या वाढवलेली असते. आपल्या उघड्या रानात लागणारे बहुतेक संकरित वाण झुडपी किंवा अर्धवट झुडपी वाढीचे, म्हणजे काही घोसांनंतर शेंड्यालाच फूल लागून वाढ थांबणारे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं धनश्री, भाग्यश्री, फुले राजा असे वाण दिले. खासगी कंपन्यांचे वाण तर दर दोन-चार वर्षांनी बदलतात. पाकीट कोणतंही असो, बांधाशी उभं राहून आधी हे पाहायला हवं की झाडाचा शेंडा पुढं चालला आहे की फुलात संपला आहे. झुडपी झाडाचा बहुतेक माल बगलफुटींवरच येतो. त्याच्या सगळ्या फुटी काढल्या तर पहिला तोडा चार दिवस आधी निघेल आणि चौथा तोडा निघणारच नाही.

वेलवर्गीय भाज्यांची गोष्ट मात्र निराळी, आणि ती मान्य केल्याशिवाय हा युक्तिवाद प्रामाणिक ठरणार नाही. दुधी, कारलं, खरबूज यांच्या मुख्य वेलीवर आधी नर फुलं जास्त येतात. मादी फुलं बाजूच्या फुटींवर, त्यांच्या फुटींवर अधिक. मुख्य शेंडा खुडला की फुटी लवकर निघतात आणि फळधारणेची फुलं लवकर दिसतात. हल्ली ज्याला थ्रीजी कटिंग म्हणतात ते हेच: पहिला शेंडा मार, दुसऱ्या फुटीचा मार, तिसऱ्या पिढीवर माल घे. दुधीला आणि मंडपावरच्या कारल्याला हे लागू पडतं. काकडीत वाणावाणाचा फरक आहे. ज्या संकरित वाणांना बुंध्यापासूनच मादी फुलं लागतात त्यांचा शेंडा मारणं म्हणजे हाती आलेला माल पुढं ढकलणं. लक्षात घेण्यासारखं हे, की इथंही कात्रीनं फळ पिकलेलं नाही. काकडी, दुधी, कारलं, दोडका, भेंडी, गवार हे सगळं आपण कोवळंच तोडतो. त्यांच्या बाबतीत खरी छाटणी म्हणजे तोडाच. भेंडी एक दिवसाआड तोडली नाही आणि दोन-चार शेंगा जून झाल्या, काकडीची एक पिवळी होऊन वेलीवर राहिली, की झाड बी पोसायला लागतं आणि नवी फुलं आवरतं घेतं. घरापुरती दहा झाडं लावणाऱ्याला कात्रीपेक्षा रोज सकाळी टोपली घेऊन फिरण्यानं जास्त भाजी मिळेल.

आता सर्वांत वजनदार आक्षेप, बाजाराचा. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचा उघडा लिलाव चालतो, वीस किलोचं क्रेट हे तिथलं माप, आणि मे महिन्यात एकदम माल आला की भाव पडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून शेतकरी म्हणतो, माझी चार क्रेट जरी आठ दिवस आधी गेली तरी औषधाचा खर्च निघेल; पुढच्या तोड्याचं पुढं पाहू. हा विचार चुकीचा म्हणता येत नाही, कारण कर्जाच्या हप्त्याला तारीख असते. पण आधी आलेल्या मालाला भाव मिळतोच, हे गृहीत तपासून पाहण्याजोगं आहे. २०२३ सालचंच उदाहरण पुरे. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला टोमॅटोला इतका कमी भाव होता की कित्येकांनी उभे प्लॉट सोडून दिले, कुणी नांगर घातला. उष्णता आणि रोगांनी उरलेल्यातला बराच भाग खाल्ला. आणि जुलैमध्ये त्याच नारायणगावात क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर बोली गेली. जुन्नर तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांच्या कमाईच्या बातम्या देशभर छापून आल्या. सरकारनं नेपाळातून टोमॅटो आणण्याची परवानगी दिली, नवी लागवड बाजारात आली, आणि सप्टेंबरपर्यंत भाव पुन्हा जमिनीवर. त्या वर्षी पैसा ज्याचा माल आधी आला त्याला मिळाला नाही. ज्याचं झाड जून ओलांडून जुलैपर्यंत तग धरून होतं त्याला मिळाला. एका वर्षावरून नियम काढू नये हे खरं. तरी एवढं त्यातून निश्चित निघतं की भावाचं शिखर हंगामाच्या कुठल्या टोकाला येईल हे आधी सांगता येत नाही, आणि ज्या अंदाजाचा भरवसा नाही त्याच्यासाठी झाडाचं आयुष्य गहाण टाकू नये. दोन महिने तोडा देत राहणाऱ्या झाडाला चांगल्या भावाचे आठवडे गाठण्याची संधी जास्त असते, पहिल्या तीन तोड्यांत संपलेल्या झाडाला कमी.

पानं अजिबात काढूच नयेत असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. जमिनीला टेकलेली पानं काढायलाच हवीत. करप्याचे डाग तिथूनच वर चढतात. ज्या घोसाचा माल तोडून झाला त्याच्या खालची, पिवळी पडू लागलेली पानं झाडाला काही देत नाहीत, ती गेली तर बुंध्याशी हवा खेळते. टुटा या नागअळीनं पोखरलेलं पान गोळा करून शेताबाहेर नष्ट करणं तर नुसत्या फवारणीपेक्षा शहाणपणाचं. ही कीड भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती २०१४ साली, आपल्याच पुणे परिसरात. पण प्रत्येक काढणीबरोबर हात एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि याची काळजी क्वचित घेतली जाते. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळल्या पानातही टिकून राहतो आणि हातांनी, ब्लेडनं, कपड्यांनी पसरतो. तंबाखू मळलेल्या तळव्यानं किंवा मिश्री लावलेल्या बोटानं बगलफूट मोडली की ताज्या जखमेत तो सरळ उतरू शकतो. कामाला लागण्याआधी साबणानं हात धुणं, आणि हात व ब्लेड मधून मधून साय काढलेल्या दुधात बुडवणं, हा उपाय साधा आणि पारखलेला आहे. दुधातली प्रथिनं या विषाणूला निष्प्रभ करतात. दुधाचा धंदा घरोघरी असलेल्या या तालुक्यांत तो अवघड नसावा. सगळे विषाणू असे हातानं येत नाहीत. २०२० च्या उन्हाळ्यात टोमॅटोवर हिरवे-पिवळे-लाल चट्टे पडले, शेतकऱ्यांनी त्याला तिरंगा म्हटलं, आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत नमुन्यांत कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. त्याचा प्रसार मावा करतो. ज्या झाडाचा पाला आधीच निम्मा उतरवलेला आहे, त्याला असा रोग आल्यावर सावरायला काही उरत नाही.

पाणी तोडून ताण दिला तर फळ लवकर रंगतं, असंही सांगणारे आहेत. डाळिंबाचा बहार धरताना ताण देतात, तिथून हा विचार आला असावा. टोमॅटोत शेवटी-शेवटी पाणी थोडं कमी करण्यात गैर नाही. पण वाढत्या फळाला ताण बसला की कॅल्शियम पोचत नाही, बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. आणि मग आवर्तन सुटल्यावर किंवा वळीव पडल्यावर एकदम पाणी मिळालं की फळं तडकतात. इथ्रेल मारून प्लॉट लाल करणं शक्य आहे, पण त्यानं पानंही पिवळी होऊन झडतात, म्हणजे तो शेवटच्या तोड्याचा उपाय. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर तर अन्नसुरक्षा नियमांनी बंदीच आहे.

मग आपल्या हंगामात शेंडा खुडण्याला जागा आहे की नाही? आहे, आणि ती नेमकी तारीख लावून सांगता येते. दहिवराचं भय आपल्याला नाही. आपल्या उन्हाळी टोमॅटोची हद्द मृग आहे. सात-आठ जूनला मृग निघतो, त्याच्या पुढं-मागं पावसाची झड लागली की करपा झपाट्यानं पसरतो, फळांना तडे जातात आणि मातीला टेकलेली सडतात. गरम दिवसांत फूल उमलल्यापासून फळ रंग धरेपर्यंत साधारण चाळीस ते पन्नास दिवस लागतात. मृगापासून मागं मोजलं तर एप्रिलचा शेवटचा आठवडा येतो. जानेवारीत लागलेल्या प्लॉटमध्ये किंवा दारातल्या परसबागेत ज्यांना पावसाआधी सगळं आटोपायचं आहे, त्यांनी तेव्हा शेवटच्या कामाच्या घोसावर दोन पानं राखून शेंडा मारावा. ती दोन पानं त्या घोसाला पोसतात आणि त्याच्यावर सावली धरतात. त्यानंतर येणारी फुलं वैशाखाच्या उन्हात एरवीही गळतातच, त्यांच्यासाठी झाड थकवण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये लागण करून ज्याला जुलैचा बाजार पाहायचा आहे त्यानं मात्र शेंडा मारूच नये, उलट पहिल्या घोसाखालच्या फुटी काढून वरच्या दोन-तीन फुटी राखाव्यात, तारेला बांधणी घट्ट करावी आणि पाला जपावा. एकाच गावात, एकाच वाणाला, शेजारच्या दोन बेडांवर दोन वेगळे नियम लागू पडतात ते असे. द्राक्षात कात्रीनं तारीख ठरते, इथं तारखेवरून कात्री ठरवावी लागते.

मजुरीचा हिशेबही याच बाजूनं बोलतो. बगलफुटी दर आठ-दहा दिवसांनी काढायच्या तर ऐन तोडणीच्या दिवसांत मजूर महिलांची टोळी दोन कामांत वाटावी लागते, आणि तोडा एक दिवस लांबला तर झालेलं नुकसान छाटणीच्या फायद्याहून मोठं असतं. हे काम सकाळच्या गारव्यात करावं, म्हणजे फूट कडक असते, सहज मोडते आणि जखम दिवसभरात वाळते. पण उसाच्या कडेनं पहाटे रानात जायचं तर या दोन्ही तालुक्यांत बिबट्याचा विचार करूनच जावं लागतं, आणि बायकांना अंधारात पाठवायला कुणी धजावत नाही ते योग्यच आहे. तेव्हा सकाळचे जे दोन-अडीच तास हाती येतात, ते कशावर खर्चावे हा प्रश्न हौसेचा राहत नाही. माझं उत्तर: आधी तोडा, मग बांधणी, मग जमिनीलगतची पानं, आणि वेळ उरला तर बगलफुटी.

हे सारं तर्कानं आणि वनस्पतिशास्त्राच्या ज्ञात नियमांनी सांगितलेलं आहे. अवसरीच्या मातीत त्याची कसोटी लावणं अवघड नाही, आणि ती लावली जावी अशी माझी आग्रहाची मागणी आहे. नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतकऱ्यांच्या बांधावर प्रात्यक्षिकं घेणं हे तर अशा केंद्रांचं कामच. एकच वाण, एकाच दिवशी लागण, सारखं ठिबक आणि सारखी खतं, आणि चार-चार बेडांचे तीन भाग: एकाला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या फक्त पहिल्या घोसाखालच्या फुटी आणि जमिनीची पानं काढायची, तिसऱ्याला सल्ल्याप्रमाणे पूर्ण साफ करायचं. पहिला तोडा कोणत्या तारखेला निघाला, प्रत्येक तोड्याला किती क्रेट भरली, त्यातली चट्ट्याची किती बाजूला काढावी लागली, त्या दिवशी लिलावात काय भाव निघाला आणि छाटणीला किती मजुरी गेली, हे पाच रकाने शेवटच्या तोड्यापर्यंत भरायचे. जानेवारीच्या लागणीचा एक तक्ता आणि मार्चच्या लागणीचा एक, असे दोन्ही तक्ते जूनपासून ऑगस्टपर्यंत बाजार समितीच्या फलकावर लावावेत, म्हणजे पुढच्या लागणीचं पाकीट विकत घेण्याआधी ते प्रत्येकाच्या नजरेखालून जातील.